आमच्या खारोड्यांना पाय नसतात

पहिला फोन आला तेव्हा माझे हात भाकरीच्या पिठात होते, म्हणून तो जाऊबाईंनी घेतला. आमची वेबसाइट सुरू होऊन आठ दिवस झाले होते. आठ दिवसांत तिथं चिटपाखरूही फिरकलं नव्हतं, आणि आता एकदम परराज्यातून फोन! मी तव्याखालचा गॅस बारीक केला आणि कान लावून उभी राहिले.

पलीकडून एक गृहस्थ हिंदीत विचारत होते, "खरोड़े मिलेंगे जी? बकरे के हैं ना?"

"हाँ हाँ, बाजरे के," जाऊबाई मोठ्या खुशीत म्हणाल्या. "एकदम अच्छे है."

"साफ करके देते हो? बाल-वाल निकाल के?"

जाऊबाईंचा चेहरा उतरला. "बाल? हमारे में बाल कभी नहीं निकलता! डोके को फडका बांध के करते हम!"

"अच्छा अच्छा. चार का सेट है कि आठ का?"

"सेट नहीं, पुडा है. पावकिलो का."

"और जी, अगले पैर के हैं कि पिछले?"

जाऊबाईंनी मोबाइल कानापासून हातभर लांब धरला आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "अगं, हा बाबा पाय मागतोय."

मी पिठाच्या हातानंच फोन घेतला. दोन वाक्यांत उलगडा झाला. आपल्या शहरात ज्याला सगळे पाया म्हणतात, त्या बोकडाच्या पायांना तिकडं उत्तरेत खरोडे म्हणतात. त्याचं सूप करतात, थंडीत चवीनं पितात. आणि आम्ही विकत होतो खारोड्या. ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगते: बाजरी भिजवून, भरडून, लसूण, जिरं, तीळ, तिखट घालून शिजवायची आणि त्या घट्ट घाट्याचे बोराएवढे सांडगे कापडावर तोडून कडक उन्हात वाळवायचे. कच्च्या खा, तळून खा, शेंगदाण्यासोबत खा. त्यात पाय नसतात. कुणाचेच नसतात.

मी हसून हसून ओट्याला टेकले. माझं काय, मी माहेरी पिशोरला गेले की मटण चापून खाते. पण जाऊबाई माळकरी. शेजारी कुणी अंडं उकडलं तरी आमच्या खिडक्या लागतात. त्यांनी मोबाइल ओल्या फडक्यानं तीनदा पुसला आणि देवाजवळ जाऊन बसल्या. त्या आठवड्यात असे आणखी चार फोन आले. एका बाईंनी तर पाककृतीही सांगितली. जाऊबाईंनी ती अर्धी ऐकलीसुद्धा, कारण सुरुवात लसणापासून होती.

हसू ओसरलं ते देवघरातून जाऊबाई बाहेर आल्यावर. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे डबे तसेच राहणार का गं?"

डब्यांचं सांगायला पाहिजे. त्या उन्हाळ्यात जाऊबाईंनी दरवर्षीच्या दुप्पट माल केला होता, कारण गुलमंडीकडच्या एका दुकानदारानं "जेवढ्या कराल तेवढ्या घेतो" असा शब्द दिला होता. उन्हाळा संपता संपता त्यानं कारखान्याची चकचकीत पाकिटं मांडली आणि आम्हाला ओळख दाखवेना. पंधरा पत्र्याचे डबे, काठोकाठ भरलेले, आमच्या गारखेड्याच्या घरात पलंगाखाली, जिन्याखाली, देवघराच्या बाजूला बसले. आणि नेमकं त्याच वेळी भाऊजींच्या डोक्यात सोलर शिरलं.

भाऊजी म्हणजे माझे मोठे दीर, जाऊबाईंचे मालक. सरकारी खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले, शिस्तीचे, हिशेबी, मनानं वाईट नाहीत पण एकदा फाइल उघडली की बंद करत नाहीत. त्यांचं म्हणणं होतं, गच्चीवर एवढं ऊन फुकट जातं, पॅनेल बसवू, विजेची कटकट मिटेल. जाऊबाई म्हणाल्या, "ऊन फुकट कुठं जातंय? माझ्या खारोड्या वाळतात." त्यावर ते जे हसले ना, ते हसणं मला अजून टोचतं. "तुझ्या खारोड्या मी खातो म्हणून खपतात. बाहेर कोण विचारतंय? हे बघ, दसऱ्याला सोलरवाला मापं घ्यायला येणार. तोवर हे डबे रिकामे झाले तर गच्ची तुझी. नाहीतर पॅनेलांची. मग पुन्हा तक्रार नको."

तुम्ही म्हणाल, गच्ची ती काय, सिमेंटच तर आहे. पण मी एकवीस वर्षं त्या घरात आहे, मला माहीत आहे. जाऊबाई खाली कुणाची तरी बायको होत्या, कुणाची आई, कुणाची सून. खाली त्यांचा आवाज कधी वर चढला नाही. गच्चीवर मात्र त्या मालकीण. कुठं कापड अंथरायचं, कोणी पाय ठेवायचा, कावळे कोणी हाकलायचे, सगळे हुकूम त्यांचे. चैत्र-वैशाखाचे दोन महिने ही बाई ताठ मानेनं जगायची आणि पुढचे दहा त्यावर काढायची. ती गच्ची जाणार म्हणजे काय जाणार, हे भाऊजींना कुणी सांगितलं नव्हतं आणि जाऊबाई सांगणाऱ्यातल्या नव्हत्या. मला असा राग आला की मी तिथंच म्हणाले, "ठरलं. दसऱ्याला डबे रिकामे." उचलली जीभ लावली टाळ्याला. कसे रिकामे करणार, याचा मला पत्ता नव्हता.

वेबसाइट ही त्यातूनच निघाली. माझ्या नवऱ्याच्या ओळखीचा एक वेबसाइटवाला होता, परमुलखातून येऊन इथं ऑफिस थाटलेला. त्यानं फोटो काढले, पान केलं, पासवर्डचा कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून दिला आणि गेला. पायांचे फोन आल्यावर मी त्याला गाठलं.

"मॅडम, सर्चमध्ये पान वर यावं म्हणून मी एसइओ एकदम पक्कं केलंय," तो म्हणाला.

"केलंय ना. बोकडाचं केलंय," मी म्हणाले.

त्यानंतर त्यानं माझे फोन घेणं सोडलं. बरंच झालं. नाहीतर मी कधी त्या पानाच्या पोटात डोकावलेच नसते.

मी काही अगदीच अडाणी नव्हते. मुलं व्हायच्या आधी आणि नंतरही काही वर्षं मी औरंगपुऱ्यात एका छापखान्यात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवल्या आहेत. एका काना-मात्रेवरून दोन घराण्यांची भांडणं लागलेली पाहिली आहेत. एकदा 'आहेर आणू नये' मधलं 'नये' पुढच्या ओळीला गेलं आणि छपाईत कापलं गेलं, तेव्हा मुलीच्या बापानं आमच्या मालकाला दुकानातून पळवलं होतं. त्यामुळं अक्षरांची मला भीती नाही, पण अक्षरांवर माझा विश्वासही नाही. ती तपासावी लागतात.

नळाला पाणी येण्याचा दिवस होता. मी मोटर लावून, भांडी भरायला लावून, लॅपटॉप घेऊन जिन्यात बसले. एका हिंदी व्हिडिओत बघून पानावर उजवं बटण दाबलं आणि त्या पानाच्या आतलं लिखाण उघडलं. पहिल्यांदा घेरीच आली. कंस आणि चिन्हांचं नुसतं काटेरी कुंपण. पण छापखान्यातली सवय म्हणून ओळीवर बोट ठेवून वाचत गेले, आणि हळूहळू उमजलं की पानाच्या सुरुवातीला एक भाग असा असतो जो वाचणाऱ्याला दिसतच नाही. तो सर्च इंजिनसाठी लिहिलेला असतो. त्यातल्या एकेका चिठ्ठीला टॅग म्हणतात. हे पान कशाचं, त्याचा मथळा काय, थोडक्यात वर्णन काय, फोटोत काय आहे. सर्च इंजिनला खारोडी चाखता येत नाही, हुंगता येत नाही. डबा बंद असतो आणि ते बरंचसं वरची चिठ्ठी वाचून ठरवतं.

आणि आमच्या चिठ्ठीवर काय होतं! मथळ्यात 'बेस्ट फ्रेश खरोडे ऑनलाइन'. वर्णनात 'खरोडे सूप, खरोडे रेसिपी, हेल्दी बोन सूपसाठी उत्तम'. जाऊबाईंनी पितळी ताटलीत रचून दिलेल्या खारोड्यांच्या फोटोच्या टॅगमध्ये 'खरोडे पीसेस'. मालाच्या जातीपुढं 'मीट'. भाषा इंग्रजी. खाली चाळीस शब्दांची एक शेपटी, जिच्याकडं म्हणे आता कुठलंच सर्च इंजिन ढुंकूनही बघत नाही. त्या वेबसाइटवाल्यानं खारोडी जन्मात चाखली नव्हती. त्यानं 'खरोडे' असं टाकून बघितलं, जे जे सुचवलं गेलं ते ते उचललं आणि आमच्या कपाळावर चिकटवलं. नाव सोनूबाई म्हणतात तसं झालं, फक्त आमच्या हातात कथलाच्या वाळ्याऐवजी बोकडाचा खूर.

मी एकेक चिठ्ठी फाडली. भाषा मराठी केली, मीट काढलं, सूप काढलं. मथळा लिहिला: 'बाजरीच्या खारोड्या'. त्या दिवशी मला काय वाटलं म्हणून सांगू, एखादी पत्रिका शेवटच्या क्षणी छपाईवरून ओढून काढावी तसं वाटलं. नवा मजकूर पुन्हा वाचून जा, अशी सर्च इंजिनला विनंती करायची एक सोय असते, तीही केली आणि हात जोडले.

पंधरा दिवसांत पायांचे फोन बंद झाले. सगळेच फोन बंद झाले.

हे मात्र मला अपेक्षित नव्हतं. श्रावण लागला. पंधरातला एकच डबा गेला होता, तोही शेजारपाजारी आणि माझ्या बहिणीकडं. भाऊजी रोज संध्याकाळी चहासोबत वाटीभर खारोड्या आणि शेंगदाणे खायचे आणि म्हणायचे, "एवढा तरी खप होतोय." जाऊबाई रिकामी वाटी उचलून न्यायच्या. एकदा फक्त मला म्हणाल्या, "तू लई धडपडलीस गं. राहू दे." मला तर रडूच आलं. रागानं आलं, पण आलं.

त्याच संध्याकाळी आमचं भांडण झालं, आणि त्या भांडणानं आम्हाला तारलं. मी त्यांना पान दाखवत होते. चष्मा लावून त्यांनी मथळा वाचला आणि म्हणाल्या, "पण हे चूक लिहिलंस. खारवड्या म्हणतात."

"बाई, खारोड्या."

"आमच्या पाचोडला खारवड्याच म्हणतात."

"एकवीस वर्षं घरात खारोड्या म्हणतोय की आपण!"

"तू म्हणतीस. तुमच्या पिशोरचं आहे ते. मी कशाला वाद घालू? मी आपलं तुझ्यासारखं म्हणायला लागले."

एका घरातल्या दोन बायका एकाच पदार्थाला दोन नावं घेऊन आलेल्या, आणि एकवीस वर्षं मला पत्ता नाही! काखेत कळसा अन् गावाला वळसा. मग ज्या बायका पुण्यात, हैदराबादला, कुठं कुठं जाऊन पडल्यात त्या मोबाइलवर कोणतं नाव टाकत असतील? मी सर्च इंजिनला खरं सांगितलं होतं, पण एकाच गावचं खरं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी एसटीनं पाचोडला गेलो. जाऊबाईंच्या पिशवीत दोन किलो माल, माझ्याकडं वही. बाजारात भाजीवाल्या, मसालेवाल्या, बाजाराला आलेल्या म्हाताऱ्या, जी दिसेल तिच्या हातावर चार खारोड्या ठेवायच्या आणि विचारायचं, "मावशी, याला तुमच्यात काय म्हणतात?" लोकांना वाटलं आम्ही सर्वेवाल्या. एक म्हातारी म्हणाली, "नाव सांगितलं तर रेशनकार्डात काय बदल होणार का?" पण सांगत सगळ्याच गेल्या. खारोड्या, खारवड्या, खारुड्या, खारोडी. कुणी नुसतं बाजरीचे सांडगे. दोघींचं तर तिथंच जुंपलं, एकीच्या माहेरची 'खारोडी' आणि दुसरीच्या सासरची 'खारवडी', आणि दोघींनी मिळून जाऊबाईंच्या पिशवीतला पाव किलो माल संपवला.

आणि मग लसूण विकणारी एक बाई भेटली. तिनं खारोडी तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाली, "नावाचं काय घेऊन बसलीस माय? माझी पोरगी लांब दिली. तिला आता नाव बी आठवत नाय. फोन करून म्हणती, आई, ते नाय का, उन्हाळ्यात गच्चीवर वाळायचं, आम्ही ओलंच चोरून खायचो, ते पाठीव."

मी वहीत ते जसंच्या तसं उतरवलं. खाली दोनदा रेघ ओढली. जाऊबाई म्हणाल्या, "काय झालं गं?" मी म्हणाले, "बाई, सापडलं."

परतीच्या एसटीत मी सगळं पुन्हा लिहिलं. मथळ्यात 'बाजरीच्या खारोड्या, खारवड्या' दोन्ही. पानावरच्या मजकुरात सगळी नावं, देवनागरीत आणि इंग्रजी अक्षरांतही, कारण अर्धी दुनिया मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाकते. आमच्या शहराचं नाव बदललंय, म्हणून जुनं आणि नवं अशी दोन्ही नावं टाकली. जो तो आपल्या सवयीनं शोधतो, त्यात आपण कशाला पडा. फोटोच्या टॅगमध्ये साधं लिहिलं: गच्चीवर पांढऱ्या कापडावर वाळत घातलेल्या बाजरीच्या खारोड्या. आणि वर्णनाच्या टॅगमध्ये, शोधणाऱ्याला मथळ्याखाली ज्या दोन ओळी दिसतात तिथं, त्या बाईचं वाक्य घातलं. 'उन्हाळ्यात गच्चीवर वाळायच्या आणि ओल्याच चोरून खायच्या, त्याच बाजरीच्या खारोड्या. मराठवाड्यातून, घरी केलेल्या.' मला आता एवढं कळलं होतं की नंबर लागतो मथळ्यामुळं आणि पानावरच्या मजकुरामुळं. त्या दोन ओळींमुळं नंबर वर जात नाही. पण बोट कुठं पडायचं ते त्या दोन ओळी ठरवतात.

पहिली ऑर्डर आली ती पोळ्याच्या आदल्या दिवशी, बंगळूरहून. ऑर्डरसोबत निरोप लिहायची जागा असते, तिथं त्या बाईंनी लिहिलं होतं: "ओल्याच चोरून खायच्या, हे वाचून ऑफिसात रडले. दोन किलो पाठवा. आई असताना नाव विचारून ठेवलं नाही."

मी ते मोठ्यानं वाचलं. जाऊबाई पदराला हात पुसत उभ्या होत्या. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "दोन नको, सव्वादोन टाक."

आणि मग जो धडाका सुरू झाला! पुणे, नाशिक, सुरत, हैदराबाद. एका बाईंनी अबूधाबीहून बहिणीच्या पत्त्यावर मागवल्या. कुणी 'बाजरीचे सांडगे' टाकून आलं, कुणी 'खारवड्या', कुणी चक्क 'गच्चीवर वाळवतात ते बाजरीचं' असं टाकून आलं. मी रोज सकाळी उठून मोबाइलवर शोधून बघायचे. आधी तिसरं पान, मग दुसरं, मग पहिल्या पानावर खालून तिसरं. गौरी-गणपतीच्या धामधुमीत एक दिवस 'खारोड्या' टाकलं आणि आमचं पान सगळ्यांच्या वर. कारखान्याच्या चकचकीत पाकिटांच्या वर! मी घरभर नाचले. माझ्या नवऱ्याला वाटलं मला विंचू चावला. मी त्याला मोबाइल दाखवला तर तो म्हणाला, "आपल्याच मोबाइलवर वर दिसत असेल." मी लगेच पिशोरला बहिणीला, पाचोडला जाऊबाईंच्या भावजयीला, बंगळूरच्या त्या बाईंनासुद्धा फोन लावला. सगळीकडं वर. बोल आता!

डबे एकेक करून रिकामे व्हायला लागले. जाऊबाई भरत होत्या, मी चिकटपट्टी लावत होते, नवरा कंपनीतून येताना कुरिअरला टाकत होता. देवघराजवळचे गेले, पलंगाखालचे गेले. घटस्थापनेला तीन राहिले. पाचव्या माळेला एक. भाऊजींची संध्याकाळची वाटी आधी अर्धी झाली, मग पाव झाली. तरी ते कारकुनी शिस्तीनं रोज जिन्याखाली वाकून बघायचे.

दसऱ्याच्या सकाळी सोलरवाला टेप घेऊन आला. भाऊजी त्याला घेऊन वर निघाले, मागं मी. गच्चीचं दार उघडलं आणि आम्ही तिथंच थबकलो. जाऊबाईंनी पहाटे उठून पंधराच्या पंधरा डबे घासून, पुसून, गच्चीभर उन्हात पालथे मांडून ठेवले होते. टेप टेकवायला जागा नव्हती. प्रत्येक डब्याला झेंडूचं फूल वाहिलेलं. आमच्यात दसऱ्याला कामाच्या हत्यारांची पूजा करतात.

भाऊजी पहिल्या डब्याजवळ गेले, वाकून टिचकी मारली. ठण्ण. दुसऱ्याला मारली. ठण्ण. पंधराही डबे त्यांनी वाजवले, एकही सोडला नाही, तो माणूसच तसा. मग उभे राहिले, कंबरेवर हात ठेवला आणि सोलरवाल्याला म्हणाले, "ही जागा बुक आहे. जिन्याच्या टपावर जेवढी बसतील तेवढी पॅनेलं बसवा." शब्दाला पक्के, हे त्यांचं मला मान्य करावंच लागेल. मी तोंडात पदर कोंबला, नाहीतर तिथंच शिट्टी मारली असती.

दुपारी जेवणं झाल्यावर जाऊबाई माझ्या खोलीत आल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "त्या तुझ्या चिठ्ठ्यांमध्ये, करणारणीचं नाव टाकायला जागा असती का गं?"

"असते की. बनवणाऱ्याचं नाव, असा वेगळा टॅगच असतो. टाकू का तुमचं?"

त्यांनी हातातला कागद दिला. त्यावर एक नाव होतं, आणि ते मी ओळखलं नाही. लग्नात आमच्याकडं तांदळाच्या ताटात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात. भाऊजींनी लिहिलं, आणि तेव्हापासून जाऊबाई त्याच नावानं जगल्या. रेशनकार्ड, मतदान, बँक, सगळीकडं तेच. हे कागदावरचं नाव पाचोडचं होतं. त्या नावानं पहिल्यांदा खारोडी तोडायला शिकलेल्या, वयाच्या नवव्या वर्षी.

"आणि सासरचं?" मी विचारलं. "दुसरं नाव लिहायला पण एक टॅग असतो."

"मग ते तिथं टाक," जाऊबाई म्हणाल्या. "दुसऱ्यात."

मी टाकलं. टॅगमधलं काही डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पानावरही लिहिलं आणि वर्णनाच्या दोन ओळींतही बसवलं. एक शब्द काढावा लागला. 'मराठवाड्यातून' काढला.

पुढच्या चैत्रात गच्चीवर पहिला घाणा पडला. पांढऱ्या कापडावर ओळीनं खारोड्या, डोक्याला फडका बांधलेल्या जाऊबाई, आणि आधीच नोंदवलेल्या ऑर्डरींची माझ्याकडं लांबलचक यादी. भाऊजी वर आले, दाराशी चपला काढून उभे राहिले. गेले पाच महिने त्यांच्या वाटीत नुसते शेंगदाणे होते.

"एक वाटी दे की," ते म्हणाले. "चवीपुरत्या."

"सगळा माल बुक आहे," जाऊबाई हातातलं काम न थांबवता म्हणाल्या. "साइटवर मागवा."

मला वाटलं आता फाइल उघडणार. पण ते उंबऱ्यावर बसले, चष्मा वर सरकवला आणि एका बोटानं मोबाइलवर टाकायला लागले. ख, काना, र. आमचं पान वर आलं. त्यांनी मथळा वाचला. मग खालच्या दोन ओळी, सवयीप्रमाणं ओठ हलवत, आणि शेवटच्या शब्दांवर त्यांचे ओठ थांबले. लग्नाच्या पत्रिकेनंतर ते नाव त्यांनी कुठं वाचलं नसणार. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि ते नाव, आयुष्यात पहिल्यांदा, मोठ्यानं उच्चारलं.

"ओ," जाऊबाई म्हणाल्या. "बोला, किती पाठवू?"